अंगठा कोणी द्यायचा?

संध्याकाळी सातनंतर माझा खरा दिवस सुरू होतो. ॲक्टिव्हाच्या पायापाशी लॅपटॉपची बॅग, डिकीत अंगठ्याचं मशीन आणि एक ओला नॅपकिन. धायरी, वडगाव, नऱ्हे, कधी पार कात्रज. गेली दहा वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन भाडेकरार ऑनलाइन नोंदवून देते. सरकारी भाषेत ‘लीव्ह अँड लायसन्स’, लोकांच्या भाषेत नुसतं ‘ॲग्रीमेंट’. मालकाचा अंगठा, भाडेकरूचा अंगठा, दोघांचे फोटो, आणि काही दिवसांत इंडेक्स टू हातात.

नॅपकिन कशाला, तर भांडी घासणाऱ्या बाईचा आणि सेंटरिंगच्या कामावर जाणाऱ्या माणसाचा अंगठा मशीनला ओळखू येत नाही. रेघा झिजलेल्या असतात. पुसायचा, पुन्हा ठेवायचा, नाही जमलं तर दुसरं बोट. आयटीवाल्याचा पहिल्याच फटक्यात लागतो. पण मशीनला न दिसणाऱ्या अंगठ्यावर इलाज आहे. मालक अंगठा द्यायलाच तयार नसेल, तर मात्र माझ्याकडे काही उपाय नाही.

आरटीईचे अर्ज सुटायची कुणकुण लागली की माझा फोन वाजायला लागतो. खासगी शाळांत २५ टक्के जागा गरिबांच्या मुलांसाठी राखीव, पण शाळा घराजवळची हवी. म्हणून पत्त्याचा पुरावा. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत करार, तोही अर्ज सुरू व्हायच्या तारखेआधीचा आणि किमान अकरा महिन्यांचा. नोटरी चालत नाही. यंदा एक बाई रडवेल्या आवाजात बोलत होती. नवरा रिक्षा चालवतो, पाच वर्षं एकाच खोलीत, भाडं एकदाही चुकलेलं नाही. मालकाने दर वर्षी स्टँपपेपरवर नोटरी करून दिली होती, ते सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले. मी मालकाशी बोलले. ते म्हणाले, “मॅडम, माणसं चांगली आहेत, उद्या दहा वर्षं राहू देत. पण ते रजिस्टर वगैरे नको.” तारीख गेली. पोरगं आता घरासमोरच्या नाही, दोन बस बदलून जायच्या शाळेत आहे.

हा मालक खलनायक नाही, हे आधी सांगते. निवृत्त माणूस, वर दोन खोल्या काढलेल्या, त्यावर औषधपाणी चालतं. त्याची अडचण घरपट्टीची. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला महापालिका ४० टक्के सवलत देते. मध्यंतरी ती काढून घेतली, ओरड झाली, मग २०२३ मध्ये राज्य सरकारने परत दिली, आणि लोकांनी पीटी-३ फॉर्म भरायला रांगा लावल्या. भाडेकरू ठेवला की सवलत गेली. मग कोण कशाला रीतसर नोंद करून स्वतःच्या हाताने पुरावा देईल? एका खात्याने सवलत अशी ठेवलीय की मालकाने भाडेकरू लपवावा, आणि दुसरं खातं त्याच भाडेकरूला म्हणतं, नोंदलेला कागद आण, मगच शाळा. या दोन खात्यांच्या मध्ये सापडतं ते सहा वर्षांचं पोर.

आणि कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम ५५. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कागद नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. केवढं मोठं कलम! दहा वर्षांत या कलमाखाली शिक्षा झालेला मालक मला एकही भेटलेला नाही. उलट पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती द्यायची म्हटली की मालक हातातलं काम टाकून फॉर्म भरतात, कारण तिथे गुन्हा दाखल होतो हे त्यांना ठाऊक आहे. म्हणजे धाक बसवायचा म्हटलं तर सरकारला बसवता येतो. भाडेकरू गुन्हेगार निघेल या भीतीपोटी त्याची नोंद हवी. त्याला शाळा, रेशनकार्डावरचा पत्ता, मतदार यादीतलं नाव मिळावं म्हणून मात्र नको.

अकरा महिन्यांची गंमत अशीच. वर्षाच्या आतला भाडेपट्टा नोंदवावा लागत नाही, या जुन्या नियमातून अकराचा आकडा आला. आपल्याकडे ५५ कलमाने अकरा काय, तीन महिन्यांचाही करार नोंदवायचाच आहे. तरी अकरा काही सुटत नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाला सव्वाचं माप, तसं हे.

खर्चाचं कारण कुणी सांगितलं की मला हसू येतं. एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि शहरात एक हजार नोंदणी फी. बारा हजार भाड्याच्या घराला माझे पैसे सोडून सगळं दोन हजारांच्या आत बसतं. दलाल याच व्यवहारात एक महिन्याचं भाडं घेऊन जातो, तेव्हा कुणी हूं की चूं करत नाही.

रास्त भाड्याचं म्हणाल, तर माझी बाजू थोडी अडचणीची आहे. मी वाड्यात वाढले. नारायण पेठेत दोन खोल्या आणि एक माळा, भाडं महिना १८ रुपये, वडील जाईपर्यंत तेवढंच. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली होती. त्या १८ रुपयांवर आम्ही दोघी बहिणी शिकलो, हे मी नाकारणार नाही. पण पावसाळ्यात घरात सहा पातेली मांडलेली असायची, हेही खरंच. कौलं बदला म्हणायला गेलं की मालक म्हणायचे, “अठरा रुपयांत कौलाचा एक कोपराही येत नाही हो वहिनी.” आई गप्प बसायची. शेवटी मागची भिंत खचली आणि वाडा उतरवला. गोठवलेली भाडी न्याय्य राहिलेली नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ मध्ये म्हटलं. त्या वाड्यांची धास्ती पुण्याच्या मालकांच्या मनातून अजून गेलेली नाही. करार नोंदवला की भाडेकरू कायमचा चिकटेल, हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. खरं तर उलटं आहे. नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स असेल तर मुदत संपल्यावर घर सोडावंच लागतं, नाही सोडलं तर दुप्पट भाड्याने भरपाई, आणि मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट जाता येतं. मालकाचं खरं संरक्षण त्या कागदातच आहे, आणि तो कागदालाच घाबरतो.

भाडेकरूला मात्र अशी थेट जागा नाही. ‘पेंटिंगचं एक महिन्याचं भाडं’ म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापले, किंवा घर सोडून चार महिने झाले तरी डिपॉझिटचा पत्ता नाही, तर जा दिवाणी कोर्टात. पन्नास हजारांसाठी कोण जाईल? केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं, आणि तंटे सोडवायला वेगळं भाडे प्राधिकरण. घरभाडं हा राज्याचा विषय, म्हणून तो राज्यांनी स्वीकारायचा. त्या मसुद्यातलं सगळं मला पटत नाही, पण या दोन गोष्टी मुंबईने उचलायला कुणाची हरकत आहे?

पुन्हा १८ रुपयांवर जा असं मी म्हणत नाही. मला हवंय ते फार साधं आहे. माझ्यासारख्यांनी नोंदवलेला प्रत्येक करार सरकारकडे आहे. कोणत्या भागात किती चौरस फुटाला किती भाडं, सगळं त्यात लिहिलेलं. जमिनीचा रेडीरेकनर सरकार छापतं, मग वॉर्डवार प्रत्यक्ष भाड्यांचा तक्ता का नाही? आज धायरीत वन बीएचकेचं भाडं किती हे दलाल ठरवतो. ‘अहो ताई, रेटच चालू आहे’ म्हणाला की संपलं. तक्ता समोर असला तर निदान भांडायला आकडा मिळेल. दुसरं, करार नोंदवणाऱ्या मालकाची घरपट्टीची सवलत महापालिकेने काढू नये, निदान निम्मी तरी ठेवावी. बुडणारं उत्पन्न फारसं नाही, कारण लपलेल्या भाडेकरूंपोटी ते आजही मिळत नाहीच. आणि मालक टाळत असेल तर भाडं भरल्याच्या बँक नोंदी दाखवून भाडेकरूला एकट्याला नोंदणी सुरू करता यावी, मालकाला नोटीस जावी. तसं झालं तर ५५ कलमाला अर्थ राहील.

पेठांतल्या कॉट बेसिसवर राहणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या पोरांचं तर यात मी बोललेच नाही. एका खोलीत सहा खाटा, कागद शून्य. त्यांच्यावर वेगळं लिहावं लागेल.

आरटीईचे अर्ज पुढच्या वर्षी पुन्हा सुटतील. तुमच्या घरात भाडेकरू असेल आणि त्याच्याकडे शाळेत घालायचं लेकरू असेल, तर त्या तारखेची वाट बघू नका. वीस मिनिटांचं काम आहे. मशीन घेऊन आम्हीच घरी येतो.