लाभार्थ्यांच्या रांगेतून सभासदांच्या यादीत

तालुक्याच्या कुठल्याही गावात मोफत नेत्रतपासणी शिबिर लागलं की रांगेत आपल्या मोहल्ल्यातले लोक भरपूर दिसतात. मोतीबिंदू झालेल्या खाला, साखरेनं नजर अधू झालेले चाचा, चष्म्याचा नंबर काढायला आलेली मुलं. आता त्याच शिबिराचं पत्रक हातात घ्या आणि खाली छापलेली नावं वाचा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, प्रकल्पप्रमुख, सभासद. तीस-चाळीस नावांत आपलं एखादं सापडलं तर सापडलं. रांगेत आपण आहोत, यादीत जवळजवळ नाही. शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या, घराचे हप्ते वेळेवर भरणाऱ्या आपल्या पिढीनं याचा विचार करायला हवा, असं मला वाटतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. कोरोनाच्या काळात पुण्याहून गावी आलो, कंपनीनं घरून काम करू दिलं म्हणून इथंच राहिलो. गेली चार वर्षं गावातल्या एका सेवाभावी क्लबचा सभासद आहे. आम्ही अडतीस जण आहोत. दंतवैद्य, सराफ, बी-बियाण्यांचे दुकानदार, दोन वकील, निवृत्त बँक मॅनेजर, शाळेच्या मुख्याध्यापिका, ट्रॅक्टरच्या शोरूमचे मालक. मुसलमान दोघे, मी आणि औषधांचं दुकान चालवणारे एक गृहस्थ. पावसाळ्यात झाडं, शाळांना वह्या, रक्तदान, दहावीच्या मुलांना पुढच्या वाटा सांगणारं एक सत्र, हिवाळ्यानंतर मोतीबिंदूचं शिबिर, असा आमचा वर्षाचा क्रम. यात दिपवून टाकणारं काही नाही. पण ही कामं ठरतात कशी, हे आतून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं.

उदाहरण मोतीबिंदूच्या शिबिराचंच घ्या. लोकांना दिसतो तो मंडप आणि रांग. खरं काम त्याच्या आधी आणि नंतर असतं. रुग्णालयाशी बोलणं, नोंदणी, साखर आणि रक्तदाबाची तपासणी, निवडलेल्या रुग्णांना बसनं शहरातल्या रुग्णालयात नेणं, ऑपरेशननंतर थेंब वेळेवर टाकले जातात की नाही हे फोन करून विचारणं. दोन वर्षांपूर्वी हे शिबिर मार्चमध्ये ठरत होतं आणि नेमकं रमजानमध्ये येत होतं. तारीख कुणी वाईट हेतूनं काढली नव्हती. डॉक्टरांना तो रविवार मोकळा होता, एवढंच. मी बैठकीत विचारलं, रोजाच्या दिवसांत डोळ्यांत दिवसातून चार-सहा वेळा थेंब टाकायचे म्हटल्यावर आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या बायका येतील का? थेंबांनी रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. तरी म्हातारीच्या मनात शंका असते आणि ती नोंदणीच्या टेबलावर ही शंका बोलून दाखवत नाही. ती फक्त येत नाही. आमच्या डॉक्टर मंडळींना हे ठाऊकच नव्हतं. पाच मिनिटांत शिबिर ईदनंतर गेलं. बसमध्ये एक महिला सभासद सोबत असावी, हेही त्याच बैठकीत ठरलं. यासाठी मोर्चा काढावा लागला नाही, निवेदन द्यावं लागलं नाही. बैठकीत बसलेला एक माणूस पुरला.

हीच गोष्ट देशपातळीवर घडलेली आपण पाहिली आहे. रोटरीनं १९८५ मध्ये पोलिओविरुद्धची मोहीम हाती घेतली. पुढे सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि रोटरी एकत्र काम करू लागले. तरी भारतात २००९ साली पोलिओचे ७४१ रुग्ण सापडले होते. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या अनेक मुस्लिम वस्त्यांत दारं बंद होत होती. थेंबांनी मुलं पुढे नपुंसक होतील, अशी अफवा होती. या लोकांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण गल्लीत गटार नाही, जवळपास दवाखाना नाही, आणि थेंब देणारे मात्र पुन्हा पुन्हा दारात येतात, यानं कुणालाही संशय आला असता.

दारं उघडली ती आतली माणसं सोबत आल्यावर. रोटरीनं उलेमांची समिती केली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया आणि जामिया हमदर्द यांनी मोहिमेला हात दिला. मशिदींतून घोषणा झाल्या, मौलानांनी स्वतःच्या हातानं मुलांना थेंब दिले. २०१० मध्ये रुग्ण ४२ वर आले. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात एक रुग्ण आढळला, तो देशातला शेवटचा. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. लस तीच होती, थेंब तेच होते. थेंब देणाऱ्यांत आपली माणसं दिसू लागली आणि वस्त्यांमधला नकार ओसरत गेला.

आता कुणी म्हणेल, आपण सेवेत मागे आहोत का? मुळीच नाही. जकात आणि सदका हा आपल्या घरातल्या हिशेबाचाच भाग आहे. २०२० च्या ईदला इचलकरंजीच्या मुस्लिम समाजानं तिथल्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागासाठी ३६ लाख रुपये उभे केले. कोरोनात नातेवाईक पुढे येत नव्हते तेव्हा आपल्या तरुणांनी हिंदू-मुसलमान न पाहता अंत्यविधी पार पाडले. सेवा आहे आणि मन लावून केलेली आहे. पण ती बहुतेक वेळा संकटात उभी राहते आणि संकट सरलं की आपापल्या गल्लीत परतते. गावाचं रोजचं काम कुठं होणार, कुणाच्या शाळेला पाण्याची टाकी मिळणार, शिबिर कोणत्या तारखेला लागणार, हे ठरतं ते साध्या, कंटाळवाण्या, दर आठवड्याच्या बैठकांत. तिथं आपण नसतो.

या क्लबांची कल्पना कुठून आली, हेही पाहण्यासारखं आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील आणखी तिघांना भेटला. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक शिंपी. मोठ्या शहरात ओळखी नाहीत, माणसं जोडावीत, एवढाच हेतू. बैठक आळीपाळीनं एकेकाच्या जागी व्हायची, म्हणून नाव पडलं रोटरी. नियम असा की एका धंद्यातला एकच सभासद घ्यायचा, म्हणजे क्लब एकाच पेशाचा होऊ नये. आणि सुरुवातीचं मोठं सार्वजनिक काम कोणतं, तर शिकागोत सार्वजनिक शौचालय व्हावं म्हणून केलेली खटपट. लायन्सची सुरुवातही शिकागोचीच, १९१७ ची. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचं आवाहन केलं. आज गावोगावी लायन्सची नेत्रशिबिरं दिसतात, त्याचं मूळ तिथं आहे.

हे क्लब आदर्श आहेत, असं मी म्हणत नाही. रोटरीनं १९०५ पासून १९८९ पर्यंत, म्हणजे ८४ वर्षं, स्त्रियांना सभासदत्व दिलं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये निकाल दिल्यावर संघटनेनं नियम बदलला. आपल्याकडे अनेक क्लब म्हणजे गावातल्या पैसेवाल्यांचा मेळावा असतो, हेही खरं. वर्गणी असते, सभासद कुणाच्या तरी शिफारशीनं होतो, आणि ओळखी जातीच्या-समाजाच्या चाकोरीतून फिरतात. बिस्किटाचा पुडा देताना चार जण फोटोत हात पुढे करतात, ते पाहून मलाही संकोच वाटतो.

दुसरी अडचण शोभेच्या मुसलमानाची. क्लबात गेलात की पहिली दोन वर्षं तुमच्याकडे ईद मिलनाचं काम येईल. शीरखुर्मा कोण आणणार, तर तुम्ही. ते आनंदानं करा, पण तिथं थांबू नका. मी तिसऱ्या वर्षी खजिनदाराचं काम मागितलं आणि ते मिळालं. हिशेब ज्याच्या हातात असतो त्याला लोक पाहुणा समजत नाहीत.

तिसरी शंका घरातली मोठी माणसं काढतात, की या लोकांच्या क्लबात आपण कशाला? त्यांना मी हिल्फुल फुजूलची आठवण देतो. नुबुव्वतीच्या आधी मक्केत एका परक्या व्यापाऱ्याचे पैसे बुडवले गेले, तेव्हा काही कबिले अब्दुल्ला बिन जुदआन यांच्या घरी जमले आणि पीडित कुणीही असो, त्याच्या बाजूनं उभं राहायचं, अशी शपथ घेतली. प्रेषित त्यात सामील होते. इस्लाम आल्यावरही असं बोलावणं आलं तर मी जाईन, असं त्यांनी सांगितल्याचं सीरतच्या ग्रंथांत येतं. त्या घरात जमलेले लोक मुसलमान नव्हते. भल्या कामासाठी इतरांसोबत बसण्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

क्लबातून आपल्याकडे आणण्यासारखीही एक गोष्ट आहे आणि माझ्या मते ती सगळ्यात मोलाची आहे. रोटरी असो की लायन्स, १ जुलैला क्लबचा नवा अध्यक्ष येतो आणि ३० जूनला पायउतार होतो. काम चांगलं असो की वाईट, वर्ष संपलं की खुर्ची सोडायची. पुढचा अध्यक्ष आधीच ठरलेला असतो आणि वर्षभर शेजारी बसून शिकतो. इतिवृत्त लिहिलं जातं, हिशेब वाचला जातो.

आता आपल्या मोहल्ल्यातल्या कमिट्या आठवा. वीस-वीस वर्षं तेच अध्यक्ष. माणूस बहुतेक वेळा प्रामाणिकच असतो. पण वह्या एकाच्या घरी, किल्ल्या एकाच्या खिशात, चंद्याचा हिशेब एकाच्या डोक्यात. आमच्या कामात एखादी सिस्टिम एकाच माणसाला समजत असेल, तर तो कितीही हुशार असो, आम्ही ती धोक्यात आहे असं मानतो. तो आजारी पडला की सगळं अडतं. मग आम्ही दुसऱ्याला शिकवतो, लिहून ठेवतो, जबाबदारी फिरवतो. त्यात पहिल्या माणसावर अविश्वास नसतो. आपल्या शिष्यवृत्ती फंडाला, कब्रस्तान कमिटीला, शादीखान्याच्या ट्रस्टला हेच लागू करायला काय हरकत आहे? आणि त्या कमिट्यांत बहिणींना जागा का असू नये? ८४ वर्षांनी का होईना, रोटरीनं नियम बदलला आणि २०२२ मध्ये जेनिफर जोन्स ही स्त्री तिची जागतिक अध्यक्ष झाली. आपण तेवढी वर्षं थांबायचं कारण नाही.

म्हणून माझं सांगणं सरळ आहे. वर्गणी जड वाटत असेल तर रोटरॅक्टपासून सुरुवात करा. अठरा वर्षांपुढच्या कुणालाही तिथं जाता येतं, तीस वर्षांची वरची अट २०२० मध्ये निघाली आहे. लायन्सकडे तरुणांसाठी लिओ क्लब आहेत. ओळख नसेल तर गावातल्या एखाद्या सभासदाला सांगा की मला पाहुणा म्हणून बैठकीला यायचं आहे. बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. दोघं-तिघं मिळून जा, त्यात एखादी मुलगी असू द्या. पहिल्या महिन्यात भाषण करू नका, काम मागा. नोंदणीचं टेबल, हिशेबाची वही, बसची जबाबदारी, जे मिळेल ते. पुढच्या वर्षाच्या समित्या उन्हाळ्यात ठरतात, तेव्हा एखाद्या प्रकल्पाची जबाबदारी आपणहून घ्या. आणि त्याच वर्षी मोहल्ल्यातल्या एखाद्या कमिटीत उठून विचारा, गेल्या वर्षीचा हिशेब कधी वाचणार आहोत? पहिल्यांदा लोक चमकून पाहतील. तरी विचारा, आणि हिशेब लिहायला मी बसतो, हेही त्याच वेळी सांगा.