चंदीगडहून दिसणारी भारताची पत

चंदीगड : जग भारताकडे कसे पाहते, याचा अंदाज साउथ ब्लॉकपेक्षा येथील सेक्टर १७ मध्ये अधिक लवकर येतो. व्हिसा सल्लागारांच्या पाट्यांनी भरलेल्या या बाजाराला १९ ऑक्टोबर २०२३ रोजी धक्का बसला. भारताच्या आग्रहामुळे कॅनडाने आपले ४१ राजनैतिक अधिकारी परत बोलावले आणि चंदीगडसह मुंबई व बंगळुरू येथील वाणिज्य दूतावासांतील प्रत्यक्ष सेवा थांबविल्या.

हरदीपसिंग निज्जर यांच्या हत्येत भारतीय हस्तकांचा हात असल्याचा संशय जस्टिन ट्रुडो यांनी त्याआधी महिनाभर संसदेत व्यक्त केला होता. भारताने तो साफ फेटाळला. गंमत अशी, की याच ट्रुडो सरकारच्या नोव्हेंबर २०२२ च्या हिंद-प्रशांत धोरणात चीनला व्यत्यय आणणारी सत्ता, तर भारताला महत्त्वाचा भागीदार मानले होते. मित्रांच्या पाठिंब्याचीही तीच गत झाली. अधिकाऱ्यांच्या माघारीबद्दल वॉशिंग्टन आणि लंडनने चिंता व्यक्त केली खरी. पण तीन आठवड्यांत अमेरिकेचे परराष्ट्र व संरक्षणमंत्री चर्चेसाठी दिल्लीत हजर होते. चीनला शह देण्याच्या गणितात भारत हवा असल्याने त्याच्यावरील आक्षेप दबक्या आवाजात नोंदविले जातात.

भारतानेही समोरची ताकद पाहूनच स्वर ठरविला, हे नाकारता येणार नाही. गुरपतवंतसिंग पन्नू यांच्या हत्येच्या कटाचा आरोप अमेरिकेतून आला, तेव्हा उच्चस्तरीय चौकशी समिती नेमली गेली. ओटावाच्या वाट्याला पुरावे मागणारी खरमरीत पत्रके आली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन्ही देशांनी परस्परांच्या सहा-सहा अधिकाऱ्यांची हकालपट्टी केली. लहान देशांच्या राजधान्यांत या फरकाची नोंद झाली नसेल, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

पुढे मार्क कार्नी यांनी जून २०२५ च्या कनानास्किस येथील जी-७ परिषदेचे निमंत्रण पंतप्रधान मोदी यांना दिले, तेव्हा कॅनडातील शीख संघटनांच्या विरोधाला त्यांचे उत्तर जागतिक पुरवठा साखळीतील भारताच्या स्थानाचे होते. निज्जर प्रकरण न्यायालयात तसेच होते. भारतीय मालावरील अमेरिकेचे ५० टक्के आयातशुल्क २७ ऑगस्ट २०२५ रोजी लागू झाले आणि दुसऱ्याच दिवशी दिल्ली व ओटावाने नव्या उच्चायुक्तांची नावे जाहीर केली. ट्रम्प यांच्या शुल्काची झळ कॅनडालाही बसलीच होती.