विकलेला माल परत घ्यावा काय?

भालकीच्या बाजारपेठेत कापडाच्या अनेक दुकानांत गल्ल्यामागे एक पाटी हमखास दिसते: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' तिच्याखाली तेच कन्नडमध्ये: 'मारिद माल वापस तेगेदुकोळ्ळुवुदिल्ल.' सीमाभागात पाट्यांच्या भाषेवरून आजवर पुष्कळ वाद झाले. परंतु या एका वाक्याबाबत दोन्ही भगिनींचे संपूर्ण एकमत आहे! ग्राहकही ते निमूटपणे वाचतो आणि पैसे मोजतो. हे वाक्य न्यायाचे आहे काय, असा प्रश्न फारसा कोणाला पडत नाही. मला तो पडला, आणि पडण्याचे कारण आमच्याच घरात घडले.

मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. कन्नड शिकले ते आधी गल्लीत आणि मग महाविद्यालयात. या दोन भाषांमुळे गेली दोन वर्षे एक काम आपोआप माझ्याकडे चालत आले आहे. आमच्या गल्लीतील व नात्यातील बायका वापरलेल्या भारी साड्या, लग्नात एकदाच घातलेले डिझायनर घागरे, नामांकित कंपन्यांच्या पर्स मोबाइलवरून विकतात. फोटो काढणे, दोन्ही भाषांत वर्णन लिहिणे आणि गिऱ्हाइकाची तक्रार आली की उत्तर देणे हे माझे काम. एका वस्तूमागे मला पन्नास रुपये मिळतात. या अनुभवातून माझे जे मत बनले, ते विद्यार्थी मित्रांपुढे व गुरुजनांपुढे मांडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

जुने कपडे विकणे आपल्याकडे काही नवे नाही. कपड्यांवर भांडी देणारी बाई दारात बसायची. ती साडी उलगडून उजेडात धरायची, काठ चाचपायची, विरलेली जागा बरोबर शोधून काढायची. मग अर्धा तास घासाघीस होऊन एखादे पातेले आणि वर एक वाटी यावर सौदा ठरायचा. एकदा ती उठून गेली की साडी परत घेऊन येत नसे आणि आपणही पातेले परत करीत नसू. यात अन्याय काही नव्हता, कारण दोघींनी वस्तू हातात घेऊन पाहिलेली होती. आपण व्यापारी कायद्यात 'खरेदीदाराने सावध असावे' हे तत्त्व शिकतो. १९३० च्या माल विक्री कायद्याचे १६ वे कलम त्यावरच उभे आहे. दारातल्या सौद्याला ते तत्त्व शोभते.

मोबाइलवरच्या सौद्यात मात्र भालकीची साडी पुण्यातली बाई विकत घेते. तिला काठ चाचपता येत नाही. फोटो आणि चार ओळींचे वर्णन एवढाच तिचा आधार. म्हणजे वर्णन लिहिणारी व्यक्तीच तिचे डोळे आणि तिचा हात. म्हणूनच त्याच कायद्याचे १५ वे कलम सांगते की, वर्णनावरून विकलेला माल वर्णनाप्रमाणे असलाच पाहिजे. दुकानातील पाटी या व्यवहाराला लावणे म्हणजे एखाद्याचे डोळे बांधायचे आणि वर त्यालाच सावध राहायला सांगायचे, असा प्रकार होय.

हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. समजले ते चुका केल्यावर. आमच्या शेजारच्या अक्कांना आपल्या मुलीचा भरजरी घागरा विकायचा होता. त्या म्हणाल्या, 'होसदरंग अद.' याचा अर्थ 'नव्यासारखा आहे.' मी घाईघाईत मराठीत लिहिले, 'नवीन घागरा.' एक 'सारखा' गळाला! लातूरच्या गिऱ्हाइकाने घागरा उलगडला, तर चोळीच्या काखेत अस्तरावर घामाचा पिवळा डाग. अक्का खोटे बोलल्या नव्हत्या. खोटे माझ्या भाषांतरातून निघाले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जुनी वस्तू नवी म्हणून विकणे हा अनुचित व्यापारी प्रथेचा एक स्पष्ट प्रकार म्हणून सांगितला आहे. मी पैसे परत करविले, कुरिअरचा खर्च माझ्या पैशातून दिला आणि विषय मिटला.

दुसरा प्रसंग इतक्या सहज मिटला नाही. बसवकल्याणच्या माझ्या मावशीला मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी भरायची होती. तिने आपल्या लग्नातली पैठणी काढली. चोवीस वर्षांपूर्वी माझ्या आजोबांनी त्या सालच्या तुरीच्या पैशातून ती घेतली होती, आणि 'हातमागाची, खऱ्या जरीची' असे सांगूनच ती त्यांना विकण्यात आली होती. मीही तेच शब्द लिहिले. पुण्याच्या एका बाईंनी नऊ हजार रुपये पाठवून ती घेतली. चौथ्या दिवशी त्यांचा निरोप आला: पदराच्या उलट बाजूला कापलेले धागे आहेत, ही यंत्रमागाची साडी आहे. सोबत फोटो होते.

मावशी संतापली. "माझ्या बापानं आणलेली साडी खोटी म्हणायली की ती! एक रुपया द्यायचा नाही बघ." फीचे पाच हजार आधीच भरून झाले होते. मलाही वाटले की पुण्याची बाई भाव पाडते आहे. पण उत्तर देण्यापूर्वी खात्री करावी म्हणून मी आमच्या महाविद्यालयातील एका मॅडमची येवल्याहून आणलेली पैठणी पाहायला मागितली. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मोर, कमळ, वेल यांचे प्रत्येक रंगाचे धागे त्या त्या जागी हाताने गुंफलेले असतात, म्हणून मागे लोंबत नाहीत. यंत्रावरच्या साडीत मागून तरंगते किंवा कापलेले धागे दिसतात. जरीचेही तसेच. खऱ्या जरीत रेशमी धाग्याभोवती चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. नकली जरीत तांबे असते, नाहीतर प्लास्टिकची चकचकीत पट्टी. मॅडमच्या पैठणीशेजारी पुण्याहून आलेले फोटो ठेवले आणि मला काय ते कळून चुकले. दोन मिनिटांचे काम होते. मी ते साडी पाठविण्यापूर्वी केले नव्हते.

मी मावशीला फोनवर सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आबाला फसवलं गं कुणीतरी." नऊ हजार रुपये दोन हप्त्यांत परत गेले. मावशीने कानातले गहाण ठेवून फी भरली आणि साडी पुन्हा विकायला काढली नाही. दिवाळीपर्यंत तिचा मला फोन आला नाही. तिचा राग पैशांचा नव्हता. चोवीस वर्षे जपलेली एक गोष्ट मी तिच्यापासून काढून घेतली होती. पदर आधीच उलटून पाहिला असता, तर हे दुःख घरातल्या घरात राहिले असते, साडीला तिची खरी किंमत लावता आली असती आणि भरलेली फी कानातल्यातून काढावी लागली नसती.

येथे कोणी म्हणेल, मावशीने काही मुद्दाम फसवले नव्हते, मग तोटा तिने का सोसावा? प्रश्न रास्त आहे. पण पुण्याच्या बाईंनी तरी तो का सोसावा? त्यांनी 'हातमाग' या शब्दाची किंमत मोजली होती. शब्द चांगल्या मनाने लिहिला की वाईट मनाने, यावरून कापड बदलत नाही. कायदाही असेच म्हणतो. माल तपासून पाहण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने तो स्वीकारला असे ४१ वे कलम मानीत नाही. आणि योग्य कारणाने माल नाकारणाऱ्यावर तो परत पोचविण्याची जबाबदारीही नाही. नाकारल्याचे कळविले की पुरे, असे ४३ वे कलम सांगते. म्हणून परतीच्या कुरिअरचा खर्च आम्हीच दिला.

पण याचा अर्थ गिऱ्हाईक म्हणेल ते मान्य करावे, असा नव्हे. ऐन लग्नसराईत एकीने हिरवी रेशमी साडी घेतली आणि सहाव्या दिवशी 'रंग आवडला नाही' म्हणून परत पाठविली. निऱ्यांवर हळदीचा डाग होता आणि अत्तराचा वास येत होता! मी पाठविण्यापूर्वीचे फोटो तिच्यापुढे ठेवून पैसे देण्यास नकार दिला. माल अजून विक्रेत्याचाच आहे असे मानून जे वागणे शोभणार नाही, ते वागणे झाले की माल स्वीकारला गेला, हे ४२ वे कलम आहे. साडी नेसून लग्नाला जाणे हा स्वीकारच नव्हे काय?

पर्सचा प्रकार तर आणखी नमुनेदार. एका परदेशी कंपनीची पर्स बिघाड सांगून परत आली. पण आलेली पर्स आमच्या पर्सपेक्षाही नवी दिसत होती. आमच्या पर्सच्या आतल्या कप्प्याजवळ ओरखडा होता. तो मी वर्णनात लिहिला होता आणि त्याचा फोटोही दिला होता. परत आलेल्या पर्सला ओरखडाच नव्हता. बाजारात 'फर्स्ट कॉपी' म्हणून मिळणारी नक्कल पाठवून खरी वस्तू ठेवून घेतली गेली होती. फोटो दाखविताच आमची पर्स परत आली. दोष लिहिल्याने भाव पडतो म्हणून पर्सवाल्या वहिनी माझ्यावर नाराज होत्या. पण तोच दोष शेवटी साक्षीला आला.

मोठ्या व्यापारी संस्था हे वाद कसे सोडवितात? 'ईबे'वर वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याने 'परत घेणार नाही' असे लिहिले असले तरी ग्राहकाला ३० दिवसांत दाद मागता येते. अमेरिकेची 'पॉशमार्क' ही कंपनी २०२१ साली भारतात आली आणि २०२३ साली येथील काम तिने बंद केले. तिचा नियम असा की, माल पोचल्यावर तीन दिवसांत तक्रार करावी, तोपर्यंत पैसे कंपनीकडे राहतात. मात्र मापात बसले नाही किंवा आवडले नाही, ही तक्रार चालत नाही. दोन्हींच्या मुदती वेगळ्या, पण तत्त्व एकच: तक्रार वर्णनाला धरून असावी. आमचा व्यवहार व्हॉट्सॲपवर चालतो आणि पैसे थेट खात्यात जातात. मध्ये पैसे धरून ठेवणारा कोणी नाही, म्हणून आमच्या शब्दावर भार अधिक.

आपल्या देशातील २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन बाजारपेठेतून विकणाऱ्याला सदोष, बनावट किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास नकार देता येत नाही. जी व्यक्ती नियमित व्यवसाय म्हणून न करता केवळ स्वतःपुरते एखादे वेळी विकते, तिला हे नियम लागू नाहीत. मावशी या सवलतीत बसेल. महिन्याला दहा वस्तूंचे पन्नास-पन्नास रुपये घेणारी मी बसेन असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. आणि १९३० चा कायदा तर दोघींनाही सुटलेला नाही. ज्यांची फसवणूक झाली असेल त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारावे. व्यापाऱ्याविरुद्ध तक्रार असेल तर ग्राहकाला आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे शुल्क नाही. सीमेपलीकडच्या विक्रेत्यापुढे हतबल होण्याचे कारण नाही.

मावशीच्या प्रकरणानंतर मी काही नियम पाळते. वस्तू उलटसुलट पाहिल्याशिवाय वर्णन लिहीत नाही. 'हातमागाची', 'शुद्ध', 'अस्सल' हे शब्द तपासल्याशिवाय वापरीत नाही. घरच्यांकडे बिल नसेल तर 'बिल नाही, घरच्यांच्या सांगण्यावरून' असे लिहिते. सिल्क मार्क असला तरी तो रेशमाची खात्री देतो, हातमागाची नव्हे, हेही सांगते. दोष आधी लिहिते, गुण नंतर. मराठी आणि कन्नड मजकूर शेजारी ठेवून शब्दाशी शब्द ताडून पाहते. माल पोचल्यापासून तीन दिवसांत, वर्णनात चूक असेल तर पैसे आणि कुरिअरचा खर्च परत. नुसते आवडले नाही म्हणून परत नाही, हे सौद्यापूर्वीच कळविते. आणि विकणारीचे पैसे ते तीन दिवस खर्चू नयेत, असे तिला बजावून सांगते. मावशीला हे सांगितले नव्हते.

तेव्हा विकलेला माल परत घ्यावा काय, याचे माझे उत्तर असे: सांगितले तसा नसेल तर जरूर घ्यावा, आणि सांगितले तसाच असेल तर घेऊ नये. उद्या आपल्यापैकी कित्येकजण दुकानाच्या गल्ल्यावर बसतील. त्यांनी भिंतीवरची जुनी पाटी काढून हे वाक्य दोन्ही भाषांत लावावे, एवढीच माझी विनंती आहे. कन्नड मजकूर मी लिहून देईन. शब्द मात्र आधी दोनदा तपासेन.