बँडमास्तरांना कोणी सर म्हणत नाही

गुरुपौर्णिमा, शिक्षकदिन, निरोपसमारंभ अशा प्रसंगी आपल्या महाविद्यालयात गुरूंविषयी जी भाषणे होतात ती मी दोन वर्षे मनापासून ऐकत आलो आहे. त्यांत द्रोणाचार्य असतात, सांदीपनी असतात, आणि आपण हिंगोली जिल्ह्यातले म्हणून नामदेवांचे गुरू विसोबा खेचरही हमखास असतात. औंढा नागनाथाच्या देवळात या गुरुशिष्यांची गाठ पडली असे परंपरा सांगते. तेव्हा अभिमान वाटणे योग्यच आहे. परंतु या यादीत बँडमास्तराचा उल्लेख मी अद्याप ऐकलेला नाही. ऐकण्याची आशाही नाही, म्हणून लिहितो.

आमच्या गावचे मास्तर गेल्या उन्हाळ्यात वारले. त्यांचे नाव मी देत नाही; नावाने त्यांना फारसे कोणी हाक मारतही नव्हते. ऐन वरातीत कालची पोरे "ए मास्तर, दुसरं वाजव" म्हणून ओरडायची. 'मास्तर' हा शब्द शाळेच्या वऱ्हांड्यात उच्चारला की त्याला 'गुरुजी'चा मान, आणि वरातीत उच्चारला की त्याच्या आधी 'ए' लागतो. एकाच शब्दाची ही दोन मोले कोणत्या व्याकरणाने ठरतात, हे मराठी विभागातील आमच्या सरांनी एकदा सांगावे.

मास्तर सॅक्सोफोन वाजवीत. लग्नसराई संपली आणि पेरण्या उरकल्या की संध्याकाळी चारपाच पोरांना घेऊन बसत. त्यांत मी होतो. पहिले दोन महिने त्यांनी वाद्याला हात लावू दिला नाही. वहीचा कागद भिंतीवर टेकवायचा, हात काढून घ्यायचा आणि तो खाली पडू नये इतकी सारखी फुंक मारीत राहायचे, हा पहिला धडा. कागद पडला की पुन्हा पहिल्यापासून. "गालानं नाही रे, पोटानं फुंक," एवढेच त्यांचे शास्त्र. पुढे तोंडपट्टीवरची वेताची पत्ती तोंडात ओली कशी करायची, जाड वाटली तर ब्लेडने किंचित कशी खरवडायची, आणि सूर फाटला तर दोष वाद्याला न देता ओठाला द्यायचा, हे शिकवले. स्वरलिपी त्यांना येत नव्हती. गाणे आधी गळ्याने म्हणून घेत. ज्याला म्हणता येत नाही त्याला वाजवता येणार नाही, असा त्यांचा रोखठोक सिद्धांत होता. फी नव्हती. लग्नाच्या हंगामात तुम्ही बँडमध्ये उभे राहिलात तर तुमची मजुरी मात्र ते पुरी देत. हे गुरुकुल नव्हे तर काय?

वाद्य परदेशी आहे, वरातीचे आहे, त्याची कसली विद्या, असे आपल्यातील पुष्कळांना वाटते. अडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने पॅरिसमध्ये 1846 साली या वाद्याचे पेटंट घेतले. लष्करी बँडला दमदार आवाजाचे वाद्य हवे होते, ती गरज त्याने ओळखली. अंग पितळेचे, पण आवाज वेताच्या पत्तीतून निघतो, म्हणून जाणकार त्याची गणना लाकडी सुषिरवाद्यांत करतात. 1857 पासून साक्सने स्वतः पॅरिसच्या संगीत विद्यालयात त्याचे वर्ग घेतले. 1870 मध्ये ते बंद पडले आणि त्या विद्यालयात सॅक्सोफोनचा प्राध्यापक पुन्हा आला तो 1942 साली, मार्सेल म्यूल यांच्या रूपाने. बहात्तर वर्षे! म्हणजे या वाद्याला पंक्तीबाहेर बसवण्याचा पहिला मान आपला नव्हे, पॅरिसचा.

आपल्याकडे हे वाद्य पलटणीच्या आणि संस्थानांच्या बँडमधून आले. मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ यांनी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये ते ऐकले. घरी वडील नागस्वर वाजवणारे. त्यांनी गोपालकृष्ण अय्यर यांच्यापाशी शिक्षण घेतले, वाद्यात गमकासाठी बदल केले आणि कर्नाटक संगीताच्या मैफलीत ते मानाने बसवले. 2004 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2019 मध्ये ते गेले. हिंदी चित्रपटांतला सॅक्सोफोन म्हटला की मनोहारी सिंग. 'आराधना' (1969) मधला तो आवाज ज्याने ऐकला नाही असा मनुष्य वसमतपासून सेनगावपर्यंत सापडणार नाही. पण ते घडले कोठे? कलकत्त्याजवळ, बाटा कंपनीच्या बँडमध्ये, जोसेफ न्यूमन या हंगेरियन बँडप्रमुखाच्या हाताखाली. चपलांच्या कारखान्यात बँड होता आणि त्या बँडला गुरू होता! न्यूमनचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

शिष्याने गुरूचे ऋण फेडल्याचे एक उदाहरण मात्र फार गमतीचे आहे. 'अमर अकबर अँथनी' (1977) मध्ये अमिताभ बच्चन मोठ्या अंड्यातून बाहेर येऊन आपले नाव सांगतो, ते अँथनी गोन्साल्विस हे नाव खऱ्या माणसाचे होते. ते गोव्यातील माजोर्डा गावचे. वडील चर्चमधील संगीतशिक्षक. गोव्यात अशा शिक्षकाला 'मेस्त्र' म्हणतात, आणि चर्चच्या शाळेत पोरांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकवणाऱ्या या मेस्त्रांच्या जिवावर मुंबईचा चित्रपटवाद्यवृंद कित्येक वर्षे उभा होता. गोन्साल्विस मुंबईत व्हायोलिन वाजवीत आणि शिकवीत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि त्यांनीच हे नाव गाण्यात आणवले. गोन्साल्विस 2012 मध्ये वारले. गाणे साऱ्या देशाला पाठ आहे, आणि ते कोणाच्या नावाचे हे ठाऊक असणारे थोडे. तरी प्यारेलालांनी आपले काम चोख केले. आमच्या मास्तरांनी घडवलेल्या पोरांपैकी कोणाच्या हाती चित्रपट नाही; माझ्या हाती या अंकाची दोन पाने आहेत.

बँड संपला तो डीजेमुळे, अशी हळहळ हल्ली सर्वत्र ऐकू येते. मला ती पुरती पटत नाही. एके काळी बँडने सनई-चौघडा आणि हलगी यांना मागे सारलेच होते. शिवाय हळहळणारी मंडळीच घरच्या लग्नात डीजेची सुपारी देतात. डीजेचा त्रास खराच. ज्या भिंतीवर आम्ही कागद टेकवायचो ती त्याच्यापुढे थरथरते. पण बँडचे खरे दुखणे त्याहून जुने आहे. वाजवणारे बहुतेक मातंग आणि इतर दलित समाजांतले. वाजवताना सारी वरात त्यांच्या तालावर नाचते. जेवणाची वेळ झाली की त्यांची पंगत शेवटची, तीही मांडवाबाहेर. असे जेवण मीही जेवलो आहे. यजमानाला त्यात काही वावगे वाटत नव्हते, हेच मला जास्त लागले. डीजे उद्या कायद्याने बंद झाला, तरी ही पंगत कोण बदलणार?

ऑकलंड विद्यापीठातील ग्रेगरी बूथ यांनी भारतातील लग्नाच्या बँडवर 'ब्रास बाजा' नावाचा इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूझीलंडहून माणूस येतो, बँडवाल्यांपाशी बसतो, त्यांना प्रश्न विचारतो. आपण कळमनुरीच्या किंवा औंढ्याच्या मास्तरांपाशी बसलो तर एस. टी.चे भाडे तेवढे लागेल. समाजशास्त्राच्या आणि मराठीच्या प्रकल्पवह्या दरवर्षी त्याच त्या विषयांवर, एकमेकांच्या पाहून लिहिल्या जातात, हे प्राध्यापक मंडळींना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. मास्तरांनी वाद्य कोठून आणले, मेरठच्या जली कोठीतून की आणखी कोठून. त्यांना कोणी शिकवले. पावसाळ्यात चूल कशी पेटे. हे विचारायचे राहिले तर ते सांगणारी पिढी फार दिवस थांबणार नाही. आमच्या मास्तरांचे गुरू हैदराबादेकडचे होते, इतकेच ते एकदा बोलण्याच्या ओघात म्हणाले होते.

यंदाच्या स्नेहसंमेलनाची बैठक लवकरच होईल. गतवर्षी डीजेवर जी रक्कम खर्ची पडली तिच्या निम्म्यात एक अख्खा बँड येतो, हे मी चौकशी करून लिहितो आहे. त्याला फाटकापाशी उभा करू नये, रंगमंचावर बसवावा. कार्यक्रमपत्रिकेत वाजवणाऱ्यांची नावे पूर्ण, आडनावासह छापावीत. आणि जेवण पाहुण्यांच्या पंगतीत, प्राचार्यांच्या शेजारी असावे. मास्तरांचा सॅक्सोफोन त्यांच्या घरी खुंटीला आहे. पॅड फुगले आहेत, दोन कळा अडकतात, दुरुस्तीला मोठ्या शहरी न्यावा लागेल. पण त्यांच्या घरच्यांनी तो द्यायचे कबूल केले आहे, आणि वाजवायला मी आहे.