आगगाडीतील आग

वेल्हे तालुक्यातील राजगड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जो समूह त्या यादीत समाविष्ट झाला, त्यातील अकरा महाराष्ट्रातील व एक तामिळनाडूतील जिंजी. या घटनेचे स्वागत गुंजवणीच्या खोऱ्यात उत्साहाने झाले आणि ते रास्तच होते. परंतु त्या यादीच्या दारात महाराष्ट्राचे आणखी एक प्रकरण २००५ पासून तिष्ठत उभे आहे, याची आठवण त्या आनंदात फारशी कोणाला झाली नाही. ते प्रकरण म्हणजे नेरळ-माथेरानची चिमुकली रेल्वे. दार्जिलिंगची रेल्वे १९९९ मध्ये, निलगिरीची २००५ मध्ये व कालका-सिमला मार्ग २००८ मध्ये जागतिक वारसा ठरला. माथेरानचे नाव संभाव्य स्थळांच्या यादीतून पुढे सरकलेले नाही.

भोर-वेल्ह्याच्या माणसाने रेल्वेविषयी बोलावे, यात कोणाला गंमत वाटेल. या दोन्ही तालुक्यांत रुळाचा एक तुकडाही नाही. ‘भोर घाट’ हे नाव रेल्वेच्या इतिहासात गाजलेले आहे खरे, पण तो खंडाळ्याचा बोरघाट. इंग्रजी लेखनाच्या वळणामुळे तो ‘भोर’ झाला आणि पंतसचिवांच्या भोरशी त्याचा काही संबंध नाही, हे भोरकरांना पाहुण्यांना पुनःपुन्हा सांगावे लागते. येथून गिरण्यांसाठी व गोदीसाठी मुंबईला गेलेल्या माणसांना आगगाडी भेटे ती पुण्याला. मिरजेकडे जावयाचे तर नीरा किंवा लोणंद गाठावे लागे. मीटरगेजच्या त्या गाडीत खिडकीपाशी बसल्यावर डोळ्यांत गेलेला कोळशाचा कण उपरण्याच्या टोकाने कसा काढला, ही हकिकत घरोघरच्या आजोबांनी सांगितलेली आहे. ज्या मुलखात रेल्वे नाही, त्या मुलखात रेल्वेचे अप्रूप अधिक टिकते. सध्याच्या नातवंडांनी मात्र वाफेचे इंजिन पाहिले असेल तर ते केवळ चित्रपटात.

गेल्या हिवाळ्यात वेल्हे खोऱ्यातील एका शाळेच्या पंधरा-वीस मुलांबरोबर माथेरानला जाण्याचा योग आला. आदल्या रात्री पुण्यात मुक्काम करून पहाटेची गाडी धरली. खंडाळ्याच्या पुढे मुले बोगदे मोजू लागली आणि प्रत्येकाची मोजणी निराळी आली. १८६३ मध्ये हा घाट रेल्वेला खुला झाला, तेव्हा मूळ मार्गावर पंचवीस बोगदे होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येऊन अल्पावधीतच मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते काम तडीस नेण्याची जबाबदारी पत्करली. पटकी व अपघात यांत हजारो मजूर या डोंगरात गेले. त्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. मुलांना हे सांगितले तेव्हा क्षणभर डबा शांत झाला आणि पुढच्या बोगद्याबरोबर पुन्हा आरडाओरडा सुरू झाला. ते वयच तसे असते.

कर्जतहून लोकलने नेरळला उतरलो. तेथे माथेरानचे जुने इंजिन शोभेसाठी उभे केले आहे. रंगरंगोटी झालेली, पितळ पुसलेले, भोवती मुले. त्यांतील एका सहावीतल्या मुलाने इंजिनाभोवती दोनदा चक्कर मारली, वाकून खाली पाहिले आणि विचारले, “सर, आगगाडी म्हणत्यात ना हिला? मग आग कुठंय?” शिक्षकांनी भट्टीचे दार कोठे असते ते दाखविले. “विझलीय व्हय?” असे म्हणून तो पोरगा गाडीकडे निघून गेला.

प्रश्न भाबडा होता, पण त्यात आमच्या वारसा-विचाराचे सगळे दुखणे आलेले आहे. ‘आगगाडी’ हा शब्द मराठी माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घडविला. त्याला रूळ दिसले, डबे दिसले, पण नाव दिले ते आगीवरून. ती आग गेल्याला चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला आणि शब्द तेवढा राहिला आहे.

माथेरानच्या या रेल्वेची कहाणी इतर पर्वतीय रेल्वेंहून थोडी वेगळी आहे. मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी ती आपल्या घराण्याच्या पैशाने उभारली. १९०४ मध्ये काम सुरू झाले, १९०७ मध्ये गाडी धावू लागली आणि खर्च आला सोळा लाख रुपये. रुळांमधील अंतर अवघे दोन फूट. सुमारे एकवीस किलोमीटरच्या या वाटेत कोठे कोठे वीस फुटांमागे एक फूट असा चढ आहे, आणि वळणे तर अशी की पुढच्या डब्यातील माणसाला मागच्या डब्यातील माणसाचा चेहरा ओळखता यावा. अशा वाटेसाठी जर्मनीतील ओरेनस्टाइन अँड कोपेल या कारखान्याने चार इंजिने बनवून दिली. सहा चाकांच्या या इंजिनांचा पुढचा व मागचा आस पोकळ करून त्यात दुसरा भरीव आस बसविलेला होता. त्यामुळे टोकाची चाके वळणाबरोबर किंचित बाजूला सरकत आणि रूळ सोडत नसत. शंभर वर्षांपूर्वीच्या लोहारकामातील ही युक्ती आजही पाहणाऱ्याला थक्क करते. मात्र ती समजते ती इंजिन वळताना पाहिल्यावर. चौथऱ्यावरच्या इंजिनाचे आस कसे सरकणार?

तीच गोष्ट चालविणाऱ्यांच्या कौशल्याची. वाफेच्या इंजिनात भट्टीच्या माथ्यावर सदैव पाणी असावे लागते. तो माथा कोरडा पडला तर धातू मऊ होऊन अनर्थ ओढवतो. सपाटीवर हे सांभाळणे सोपे. परंतु एकास वीसच्या चढावर बॉयलरमधील पाणी एका बाजूला धावते, चढ संपून उतार लागताच दुसऱ्या बाजूला येते, आणि काचेच्या नळीतील पातळी पाहणाऱ्याला क्षणाक्षणाला चकविते. पुढे कोणते वळण आहे, तेथे किती वाफ लागेल आणि त्यासाठी आता किती कोळसा कोठे पसरावा, हे माथेरानच्या फायरमनला पाठ असे. हे ज्ञान थोडेफार पुस्तकात सापडते. बाकीचे मनगटात असते. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही इंजिने थांबली आणि डिझेल इंजिने आली. त्या वेळी पंचविशीत असलेला फायरमन आज सत्तरीच्या आसपास आहे. राजगडाचा बालेकिल्ला आणखी शंभर वर्षे वाट पाहू शकेल. या माणसांच्या मनगटातील विद्येला तेवढी उसंत नाही.

आमची गाडी अर्थातच डिझेल इंजिनाने ओढली. प्रवास सुंदर होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. जुम्मापट्टी मागे पडली, दरीच्या कडेने गाडी वर चढू लागली, त्या इवल्याशा बोगद्यात मुलांनी अपेक्षेप्रमाणे गलका केला. पुढे ‘वॉटर पाईप’ नावाचे स्थानक आले. या नावाचा अर्थ मुलांनी विचारला. येथे इंजिन थांबून पाणी पिई, असे सांगितले. “आता डिझेलला पाणी लागत नाय, तरी थांबती?” असा प्रतिप्रश्न आला. मुलांना घेऊन सहलीला जाणाऱ्याने उत्तरांची फारशी तयारी ठेवू नये हे बरे.

अलीकडच्या वर्षांत रेल्वेने या मार्गावरील डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचे रूप देण्याचा उपक्रम केला. हेतू चांगला असेल. पर्यटकांची छायाचित्रेही झकास येतात. पण नाटकातील राजाच्या मुकुटाला कोणी जडजवाहीर समजत नाही. गडावरील ढासळलेल्या बुरुजाच्या जागी सिमेंटचा बुरूज बांधून त्यावर दगडाच्या रेघा ओढल्या, तर दुर्गप्रेमी मंडळी रस्त्यावर येतात आणि योग्यच करतात. इंजिनाच्या बाबतीत आपण इतके उदार का व्हावे? वारसा-मार्गांवर हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्या आणण्याची योजनाही २०२३ मध्ये जाहीर झाली. ते तंत्र पुढचे आहे, त्याचे प्रयोग अवश्य व्हावेत. त्याला वारसा म्हणणे मात्र भाषेशी खेळ करणे होय.

वाफेचे इंजिन पुन्हा चालविणे आता अशक्य आहे, असा एक समज सर्वत्र पसरलेला आहे. त्याचे उत्तर तिरुचिरापल्लीत मिळते. तेथील रेल्वेच्या गोल्डन रॉक कार्यशाळेने निलगिरीच्या दातेरी मार्गासाठी वाफेची नवी इंजिने बांधली. २०२१ मध्ये तर कोळशावर चालणारे इंजिनही बांधून दिले. जुने दुरुस्त करणे वेगळे आणि आजच्या काळात नवे बॉयलर, नवी चाके, नवे दट्टे घडविणे वेगळे. जी संस्था निलगिरीसाठी हे करते, तिला माथेरानसाठी ते करता येणार नाही, असे म्हणता येत नाही. दार्जिलिंगच्या मार्गावर एकोणिसाव्या शतकातील नमुन्याची इंजिने आजही प्रवासी घेऊन धुमसतात. महाराष्ट्रातही हा काळ फार दूरचा नाही. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले इंजिन विदर्भातील ‘शकुंतला’ गाडी १९९४ च्या एप्रिलपर्यंत ओढत होते.

माथेरानच्या चार इंजिनांपैकी एक इंग्लंडमध्ये लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेवरील स्वयंसेवकांकडे गेले. हे ऐकून संताप करण्याचे कारण नाही, थोडा मत्सर मात्र वाटावा. वेल्समधील टालिलिन येथे १९५१ मध्ये बंद पडू घातलेली एक रेल्वे हौशी लोकांनी हाती घेतली आणि तेथून ही चळवळ जगभर पसरली. शिक्षक, कारकून, निवृत्त यंत्रज्ञ रविवारी काजळी फासून घेतात, कोळसा टाकण्यास शिकतात आणि पुढच्या पिढीला शिकवितात. आपल्याकडे पुण्यात भाऊ जोशी यांनी आयुष्य वेचून लघुरेल्वेचे संग्रहालय उभे केले, त्यावरून या वेडाची वाण आपल्यात नाही असे नव्हे. या वेडाला खऱ्या रुळापर्यंत येऊ देण्याची वाट मात्र आपण ठेवलेली नाही.

विरोधी बाजूचे म्हणणे पोकळ नाही. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तेथे मोटारींना बंदी असताना धुराचे इंजिन आणावयाचे काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न टोलवून लावता येत नाही. उन्हाळ्यातील वाळलेल्या गवतावर पडणारी ठिणगी हे खरे भय आहे. शिवाय हा मार्ग २००५ च्या अतिवृष्टीत वाहून गेला, २०१६ मध्ये लागोपाठच्या घसरणींमुळे बंद पडला, २०१९ मध्ये पुन्हा वाहून गेला आणि पूर्ण मार्ग सुरू होण्यास २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. ज्या डोंगरात रूळच जागेवर राहत नाहीत, तेथे पहिला पैसा दरडी, मोऱ्या व संरक्षक भिंती यांवर जावा, याबद्दल दुमत असू नये. माथेरानच्या रहिवाशांना ही गाडी म्हणजे दळणवळण आहे, खेळणे नव्हे.

म्हणूनच मागणी लहान असावी. संपूर्ण मार्गावर रोज वाफेची गाडी कोणी मागत नाही. अमन लॉज ते माथेरान या वरच्या छोट्या टप्प्यावर, दिवाळीनंतरच्या थंड महिन्यांत, आठवड्यातून एखादा दिवस एक खरे इंजिन चालावे. ते तेलावर चालविता येते. निलगिरीच्या इंजिनांनी तो मार्ग दाखविला आहे. धुराड्याला ठिणगी अडविणारी जाळी बसविता येते. पूर्वीचे जे फायरमन, ड्रायव्हर व फिटर हयात असतील, त्यांना शोधून नव्या माणसांच्या शेजारी उभे करावे. हे काम इंजिनाच्या आधी सुरू झाले पाहिजे. आणि तिकिटाचा दर ठरविताना मुंबईच्या हॉटेलवाल्यांचा जेवढा विचार होईल, तेवढाच जिल्हा परिषदेच्या शाळांचाही व्हावा. एस.टी. शालेय सहलींना भाड्यात निम्मी सवलत देते. वेल्ह्यासारख्या तालुक्यातील मुले सहलीला जाऊ शकतात ती त्या सवलतीच्या बळावर. वाफेच्या गाडीत एक डबा अशा मुलांसाठी राखून ठेवण्याने रेल्वेचे दिवाळे निघणार नाही. हे न होता ती गाडी केवळ महागड्या फेरीची चैन ठरणार असेल, तर तिच्यासाठी लेखणी झिजविण्यात आम्हांला रस नाही.

जागतिक वारसा यादीत जाण्यासाठी हे करावे, असे काहीजण म्हणतील. यादीत गेल्यास आनंदच आहे. राजगडाच्या पायथ्याच्या लोकांना त्या मानाचे मोल कळते. मानाबरोबर येणारी गर्दी, कचरा आणि मोटारींची रांगही आता कळू लागली आहे. पण यादीचा विचार नंतरचा.

परतीच्या प्रवासात दमलेली मुले झोपली. एस.टी. नसरापूर सोडून आत वळली तेव्हा तो सहावीतला मुलगा जागा झाला आणि शेजारच्याला सांगू लागला, की त्याच्या आज्याने नीरेला खरी आगगाडी पाहिली होती, तिची शिटी ऐकून बैल बुजले होते. शेजारच्याने त्यावर विश्वास ठेवला नाही. “उद्या आज्याला इचार,” असे म्हणून तो पुन्हा झोपी गेला.