घबराट नको, म्हणून भोंगाही नको?

आमच्या वस्तीच्या भिंतीपलीकडे रसायनांचा कारखाना आहे. आत काय साठवलंय, ते सुटलं तर आम्ही पळायचं कुठे, एवढंच विचारायला आम्ही सातजणी गेलो. उत्तर मिळालं, "ताई, बायकांमध्ये कशाला घबराट पसरवता?"

हे उत्तर भोपाळइतकं जुनं आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. लोकांसाठीचा भोंगा जरासा वाजवून बंद केला गेला. किरकोळ गळतीने लोक घाबरू नयेत, अशी कंपनीची रीतच होती! टाकी थंड ठेवणारी यंत्रणा तर जूनपासून बंद. तोंडावर ओलं फडकं धरा, एवढं जरी आधी सांगितलं असतं! घरात काय फडकं नव्हतं, की पाणी नव्हतं?

१९८७ साली कारखाना कायदा बदलला. आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती देणं मालकावर बंधनकारक झालं. आणि ७ मे २०२० ला पहाटे विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्समधून स्टायरीनची वाफ सुटली, तेव्हा? भोंगा होता. वाजवलाच नाही. लोक झोपेत होते.

मग धडा घेतला म्हणतात तो कोणी? सुरक्षा सप्ताहाचे फलक, भाषणं, सगळं फाटकाच्या आत. बाहेर नळावर उभ्या असलेल्या बाईला वास आधी येतो, पण तिला विचारतं कोण?

घाबरलेल्या तर आम्ही आहोतच. सोमवारी परत जातोय, लेखी अर्ज घेऊन: रसायनांची नावं मराठीत लावा, भोंगा वाजवून दाखवा, आणि तालमीत आम्हालाही घ्या.