दफ्तर आहे, दाखवणारा हवा: काशीच्या ग्रंथपालांस खुले पत्र

राजा घाट, वाराणसी

माननीय ग्रंथपाल, सयाजीराव गायकवाड ग्रंथालय, काशी हिंदू विश्वविद्यालय, यांसी


रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे हे इंग्रजांनी ठरवून दिलेली सालीना सात लक्षांची नेमणूक घेऊन उत्तरेत आले, त्यांनी हा राजा घाट दगडी बांधवला, जवळच देवालये उभारली आणि 1824 साली काशीतच देह ठेवला, इतके वृत्त येथील मराठी माणसास सामान्यतः ठाऊक असते. त्यापलीकडचे शोधू पाहणारा साताऱ्याचा अभ्यासक संगणकावर ‘राजा घाट’ अशी अक्षरे टंकतो आणि त्याच्या पदरात यात्रेकरूंची छायाचित्रे तेवढी पडतात. कारण पूर्वी हा घाट ‘अमृतराव घाट’ या नावाने ओळखला जात असे, हे संगणकाची सूची त्यास आपणहून सांगत नाही.

जाणत्या ग्रंथपालाची योग्यता अशाच वेळी कळून येते. तो उत्तर देण्याची घाई न करता प्रथम उलट विचारतो, “आपणांस घाटाचे बांधकाम पाहिजे, की अमृतरावांचा कारभार?” आणि मग कोणास नेव्हिलचे 1909 चे बनारस गॅझेटिअर, कोणास मोतीचंद्रांचा ‘काशी का इतिहास’, तर कोणास पुण्याच्या पेशवे दफ्तराची वाट दाखवतो. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर थेट चॅटची सोय झाली, तर हा संवाद साताऱ्यास बसल्या बसल्या घडू शकतो. अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेस व ओसीएलसी ही ग्रंथालयांची सहकारी संस्था यांनी 2002 साली ‘क्वेश्चनपॉइंट’ या नावाने अशी सहकारी योजना सुरू केली होती, व एका ग्रंथालयास न सुटलेला प्रश्न दुसऱ्याकडे धाडण्याची तरतूद तीत होती.

वाचकाचा वेळ वाचवावा, हे ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र 1931 साली ग्रंथबद्ध करणारे रंगनाथन पुढे 1945 ते 47 या काळात आपल्याच विद्यापीठात ग्रंथपाल होते. आणि ज्यांचे नाव आपल्या ग्रंथालयास आहे त्या सयाजीरावांनी 1910 साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांस पाचारण करून बडोदे संस्थानात पेट्यांतून गावोगाव ग्रंथ पोहोचवण्याचा बंदोबस्त केला. ग्रंथ वाचकाच्या दारी नेणाऱ्या त्या परंपरेस ग्रंथपालाचे ज्ञानही त्याच दारी नेणे सर्वथा शोभणारे आहे.

म्हणून अर्ज इतकाच, की आठवड्यातील काही ठराविक तास मराठी व मोडी जाणणारा संदर्भ-साहाय्यक चॅटवर बसवावा. उत्तर नसल्यास ‘नाही’ म्हणण्याची त्यास मुभा असावी, कारण यंत्राने बेमालूम रचलेल्या खोट्या दाखल्यापेक्षा माणसाचा प्रांजळ नकार अभ्यासकास अधिक उपयोगी पडतो. संवादाची प्रत वाचकास मिळावी आणि त्याचे नाव गाळून ती पुढील जिज्ञासूंसाठी दप्तरी जतन व्हावी. मोडी जाणणारे कर्मचारी कमी पडत असतील, तर पुण्या-मुंबईच्या संशोधनसंस्थांशी पत्रव्यवहार करून तास वाटून घ्यावेत. परंतु या कामास आरंभ आपण करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक